आणि साथी

"रडायचं तर सुरात रड!"

दंडात सुई जायच्या बरोब्बर आधी सिस्टर हे वाक्य टाकायच्या. समोर मांडीवरचं पोर असो की कापसाच्या गाडीवरून पडलेला धिप्पाड गडी, सूचना सगळ्यांना सारखीच. पोरं दचकून गप्प व्हायची. गडी हसायचे. त्या हसण्या-दचकण्याच्या फटीतून सुई आत जाऊन बाहेरही आलेली असायची. मग कापूस चोळत सिस्टर वरच्या पट्टीत एक लकेर मारायच्या, "ओ हो हो", आणि पुढच्याला हाक द्यायच्या.

घनसावंगीजवळच्या एका आरोग्य केंद्रात आम्ही बरीच वर्षं एकत्र काढली. मी औषधांच्या खिडकीत, त्या समोरच्या खोलीत. मला त्या 'गोळीभाऊ' म्हणायच्या. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, याची मला शेवटपर्यंत खात्री नव्हती.

सरकारी दवाखान्यात गेलेल्या प्रत्येकाने एक तरी कडक सिस्टर पाहिलेली असते. तुम्हीही पाहिली असेल. आमच्या सिस्टर कडक नव्हत्या, त्या समीक्षक होत्या. रुग्णवाहिकेचा भोंगा चढा लागतो, लसींचा फ्रीज घुमतो पण मधेच सूर सोडतो, डॉक्टरसाहेबांची शिंक सुरू चांगली होते आणि शेवटी फाटते, असे निकाल त्या दिवसभर देत असायच्या. एकदा आमदार आले, नव्या इमारतीची फीत कापली आणि लांबलचक भाषण केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सिस्टर माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "गोळीभाऊ, मानूस बरा हाय, पन समेवर येऊन न्हाई राह्यला."

या बाईंना एवढं सूर-समेचं कुठून कळतं, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. उत्तर मिळालं ते अंबडला जाणाऱ्या शेअर जीपमध्ये. आम्ही एका प्रशिक्षणाला निघालो होतो. लसीचा निळा डबा मांडीवर घेऊन त्या खिडकीशी बसल्या होत्या. ड्रायव्हरने गाणं लावलं. जुनं, खरखरतं. कुठलंही वाद्य नाही, नुसते माणसांचे आवाज. एक जण तोंडानेच ढुम ढुम करतोय, दुसरा चिक चिक, आणि तिसरा गातोय, "वाटूर फाट्यावर भेटशील का?" आणि त्याच्यामागून, लांबून, विहिरीतून आल्यासारखा एका मुलीचा आवाज, "ओ हो हो".

"हे ऐकलं का?" सिस्टर म्हणाल्या.

"काय?"

"ओ हो हो. ते मी."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. गाडी अंकुशनगरच्या पुढे उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकली, तेवढ्या वेळात त्यांनी मला सगळी हकिकत सांगितली.

हे सगळं कॅसेटच्या काळातलं. जालन्यात सिस्टरांच्या मोहल्ल्यात जयंतीचा कार्यक्रम होता. थोरला भाऊ, म्हणजे दादा, गाणार होता. पेटीवाला ऐनवेळी परतूरला लग्नात वाजवायला गेला आणि जाताना ढोलकीवाल्यालाही घेऊन गेला. मंडप भरलेला. तेव्हा दादाच्या दोन मित्रांनी तोंडानेच वाजवायचं ठरवलं. गौतम उंच, खर्जाचा, त्याने ढोलकी घेतली. सलीमभाई घड्याळ दुरुस्त करायचे, त्यांनी टिकटिक, चिकचिक जे काही जमेल ते घेतलं. दादा गाऊ लागला. पण दोन ओळींच्या मधे श्वास घ्यायला तो थांबला की पोकळी पडायची. पुढच्या रांगेत बसलेल्या बहिणीला दादाने डोळ्याने खूण केली. बहिणीला काही सुचेना. ती म्हणाली, "ओ हो हो."

"बस, तिथंच सत्यानाश झाला," सिस्टर म्हणाल्या.

लोकांना ते फार आवडलं. गावोगावची बोलावणी येऊ लागली. मग औरंगाबादला एका छोट्या कंपनीने कॅसेट काढायची ठरवली. खोलीत माइक एक, माणसं चार. शिवाय पाचवे त्यांचे वडील. ते रेल्वेत गँगमन होते. मुलगी गायला चालली म्हणून रजा टाकून आले होते आणि मांडीवर डबा घेऊन कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. सिस्टरांचा आवाज एवढा खणखणीत की दादाचा ऐकूच येईना. रेकॉर्डिंगवाला काचेमागून म्हणाला, "हॅलो, हॅलो! ए पोरी, जरा मागं सरक." त्या सरकल्या. "अजून मागं." सरकता सरकता त्या दारापर्यंत गेल्या, आणि अख्खी कॅसेट त्यांनी दाराला पाठ टेकवून गायली.

कॅसेट बाजारात आली तेव्हा कळलं की रेकॉर्डिंगवाल्याने सुरुवातीचं बोलणं कापलंच नव्हतं. पहिल्या बाजूला पहिल्यांदा ऐकू यायचं, "हॅलो, हॅलो! ए पोरी, जरा मागं सरक." मग गाणं. लोकांना वाटलं, ही यांची ष्टाईलच आहे. त्यांना नावच पडलं, हॅलो पार्टी. आणि सिस्टर जालन्याच्या बाजारात दिसल्या की भाजीवाल्यापासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळे म्हणायचे, "ए पोरी, जरा मागं सरक!"

"मंग तुम्ही काय करायच्या?"

"पुढं सरकायचे. एकाच्या पायावर पाय दिल्ता. त्यानं पुन्हा न्हाई म्हनलं."

दुसऱ्या कॅसेटला वेष्टनावर फोटो हवा होता. वडिलांचा निकाल स्पष्ट होता: पोरगी ऐकू येऊ दे, दिसायला नको. कंपनीला तर मुलीचा फोटो हवाच. मग त्यांनी कुठल्याशा कॅलेंडरवरच्या एका गोऱ्यापान बाईचं तोंड कापून तिघांच्या मधे चिकटवलं. खाली छापलं: दादाचं नाव, सलीमभाईंचं नाव, गौतमचं नाव, 'आणि साथी'.

"म्हंजे चेहरा तिचा, आवाज माझा अन नाव कुनाचंच न्हाई," सिस्टर म्हणाल्या. "मी साथी. साथीच्या रोगातली."

यातून पुढे भलताच घोटाळा झाला. कार्यक्रमाचे आयोजक त्यांना बघून नाराज व्हायचे. एका गावात तर मंडपाच्या दारात आयोजकाने हातात कॅसेट धरून त्यांना अडवलं. "ही ती न्हाई. आमाला ती पायजे." दादा समजावून थकला. सलीमभाई म्हणाले, "अरे भई, आवाज तो सुनो." सिस्टरांनी तिथेच, दारात उभं राहून "ओ हो हो" म्हटलं. आयोजक विचारात पडला. म्हणाला, "आवाज तिचाच हाय. पन मंग ती कुठंय?"

मग वडील वारले. सिस्टरांनी नर्सिंगला नाव घातलं. दादाने तिसरी कॅसेट दुसऱ्या एका मुलीला घेऊन केली, ती कुणी ऐकली नाही. कुणी म्हणालं बहीण गेली म्हणून पार्टी बुडाली, कुणी म्हणालं दादाला नाटकाचा नाद लागला म्हणून. सिस्टरांचं मत निराळं होतं. "तीन घोडे व्हते अन एक लगाम. लगाम नर्सिंगला गेला." भाऊ-बहिणीत भांडण असं झालं नाही. पण घरच्या कार्यात भेटले तरी गाण्याचा विषय कुणी काढायचं नाही. दादा बियाण्यांच्या कंपनीत पॅकिंगला लागला, गौतम एसटीत कंडक्टर झाला, सलीमभाईंनी घड्याळं सोडून मोबाइल उघडायला घेतले.

हे एवढं सांगून सिस्टरांनी लसीचा डबा या मांडीवरून त्या मांडीवर घेतला आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "बाबा, आवाज कमी कर. ती पोरगी लई ओरडती."

पुढे काय झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं. वाटूरच्याच कुणा हौशी माणसाने ते गाणं मोबाइलवर टाकलं आणि ते पसरलं. फाट्यावर उभं राहून लोक त्याच्यावर नाचू लागले, व्हिडिओ काढू लागले. नवरा-नवरी, पोलीस, चहावाले, सगळे. आमच्या केंद्रात गर्भवतींच्या तपासणीला आलेल्या बायकांच्या फोनवरही तेच वाजायचं. त्या बायकांना ठाऊक नव्हतं की त्यांचं वजन करतेय ती बाईच त्या फोनातून ओरडतेय. सिस्टरही सांगायच्या नाहीत. "काटा बघा," एवढंच म्हणायच्या.

मग एका चॅनलवाल्याने दादाला शोधून काढलं. दुपारी रुग्ण आटोपले होते. शिपाईमामांनी मोबाइल मधे ठेवला आणि आम्ही सगळे वाकून बघू लागलो. दादा केस काळे करून, कोट घालून बसले होते. त्यांनी पेटीवाल्याची गोष्ट सांगितली, औरंगाबादची सांगितली. मुलाखत घेणाऱ्याने विचारलं, "आणि ती मुलगी कोण होती, ओ हो हो वाली?"

दादा हसले. "कोरसला काय, पोरी येत-जात राहायच्या."

सिस्टर उठल्या, फ्रीज उघडला, लसी मोजल्या, बंद केला, पुन्हा उघडला. त्या दिवशी चार वाजता धनुर्वाताच्या इंजेक्शनला एक बाप्या आला. सिस्टरांनी न बोलता सुई टोचली. तो कळवळून ओरडला. पूर्ण बेसूर ओरडला. सिस्टरांनी त्याला काहीही म्हटलं नाही. तेव्हा मला कळलं की बाईंना लागलं आहे.

थोड्याच दिवसांनी जालन्यात हॅलो पार्टीचा जाहीर सत्कार ठरला. पत्रिकेवर तीन नावं. खाली बारीक अक्षरात, पुन्हा तेच, 'आणि साथी'.

"जायचं का?" मी विचारलं.

"जायचं की. फुकट हाय."

सभागृह गच्च भरलं होतं. आम्हाला तिसऱ्या रांगेत जागा मिळाली. सिस्टरांनी बाहेरून भाजलेल्या शेंगांची पुडी घेतली होती, ती उघडून बसल्या. शाली, नारळ, भाषणं. मग निवेदकाने आग्रह केला आणि तिघं गायला उभे राहिले. खरं तर नुसतं उभंच राहायचं होतं, गाणं मागून मोबाइलवरून वाजणार होतं. पहिली ओळ वाजली, तिघांनी ओठ हलवले आणि गाणं बंद पडलं. कुणाचा तरी फोन आला होता. फोन ज्याचा होता तो माणूस "मीटिंगमधी हाय, मीटिंगमधी हाय" म्हणत धावत बाहेर गेला, आणि मोबाइलही त्याच्याबरोबर गेला.

लोक हसायला लागले. दादांचा चेहरा उतरला. तेव्हा गौतमने, मला ते अजून आठवतं, कोटाचं बटण सोडलं आणि नुसत्या तोंडाने ढुम सुरू केलं. सलीमभाईंनी चिकचिक धरली. दादांनी डोळे मिटले. आवाज म्हातारा झाला होता, पण होता.

"वाटूर फाट्यावर भेटशील का..."

आणि पोकळी. ढुम, चिक, ढुम, चिक. त्या पोकळीत अख्खं सभागृह वाट बघतंय. कुणीच काही म्हणेना. मी सिस्टरांकडे पाहिलं. त्या शेंग फोडत होत्या.

"सिस्टर..."

"माझ्या तोंडात दाने हायेत."

दादांनी दुसरी ओळ घेतली. पुन्हा पोकळी. लोक एकमेकांकडे बघू लागले. सिस्टरांनी दुसरी शेंग घेतली. तिसऱ्या वेळी दादा थांबलेच. त्यांनी कपाळावर हात धरून, दिव्यांच्या उजेडाआडून रांगा न्याहाळल्या. त्या दिसल्या.

"म्हण की गं," ते माइकमध्ये म्हणाले.

"कोन म्हनून म्हनू?" सिस्टर जागेवरूनच बोलल्या. माइकची त्यांना कधीच गरज नव्हती. "साथी म्हनून, का येनारी-जानारी म्हनून?"

लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. हशा पिकला. दादा हसले नाहीत.

"माझी बहीण म्हणून म्हण."

"ते घरी सांग. इथं नाव सांग."

दादांनी माइक दोन्ही हातांनी धरला आणि नाव सांगितलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. ते नाव मी रोज हजेरीपटावर बघायचो, पण कुणी मोठ्याने उच्चारलेलं पहिल्यांदा ऐकत होतो. वडिलांचं नाव आलं तसं सिस्टरांनी पुडी मिटली, पदराला हात पुसले आणि त्या उभ्या राहिल्या.

ते "ओ हो हो" कसं होतं, हे मी सांगत बसत नाही. एवढंच सांगतो, की पुढच्या रांगेतले एक प्रतिष्ठित गृहस्थ खुर्चीतून अर्धे उठले आणि बराच वेळ तसेच राहिले.

सत्कारानंतर जालन्यातल्या एका तरुण रेकॉर्डिंगवाल्याने पुन्हा गाणं करायचा आग्रह धरला. सिस्टरांनी अट घातली: मुख्य गाणं मी म्हणणार, तुम्ही तिघं मागं ओ हो हो करायचं. सलीमभाई लगेच म्हणाले, "मंजूर है. इसमें क्या, तीन अक्षर तो हैं." गौतमला तर कुठेही ढुमच करायचं होतं. दादा आठवडाभर रुसले. मग एके दिवशी त्यांचा फोन आला, "कधी यायचं?"

त्या दिवशीही मी गेलो होतो. आता चौघांना चार माइक, कानांवर मोठाली झाकणं. सिस्टर मधे उभ्या राहिल्या. दादा सवयीने माइकच्या पुढे आले.

"दादा," सिस्टर म्हणाल्या, "जरा मागं सरक."

सलीमभाई एवढे हसले की पहिला तास फुकट गेला.

दादांना ती तीन अक्षरं जमेनात. कधी लवकर यायचे, कधी उशिरा. घामाघूम झाले. शेवटी भिंतीला टेकून म्हणाले, "हे लई अवघड हाय गं."

"मंग? येत-जात जमत न्हाई ते. तिथंच थांबावं लागतंय."

दादा मान खाली घालून "हाव" म्हणाले. माझ्या समजुतीप्रमाणे ती माफी होती, आणि सिस्टरांनी ती घेतली, कारण त्यांनी पिशवीतून त्यांना पाणी काढून दिलं.

पण एक गोष्ट त्या दिवशी मला दिसली, ती सिस्टरांना दिसली नाही. दुसऱ्या कडव्यात त्या किंचित उतरल्या. अगदी केसभर. त्या पुन्हापुन्हा डावं झाकण कानावर दाबत होत्या. रेकॉर्डिंगवाल्याने काचेमागून हात वर केला, परत घेऊ या म्हणून. सलीमभाईंनी गौतमकडे पाहिलं. आणि दादांनी रेकॉर्डिंगवाल्याला डोळ्याने दटावलं, आपल्या कानावरचं काढलं, आणि सरकत सरकत बहिणीच्या उजव्या बाजूला जाऊन उभे राहिले. तिच्या उजव्या कानाशी त्यांनी हळू आवाजात सूर धरून ठेवला. सिस्टर त्या सुरावर आल्या. पुढचं सगळं गाणं असंच झालं. सिस्टरांना वाटलं, दादा जवळ येऊन पुन्हा आगाऊपणा करतोय. संपल्यावर त्यांनी त्याला चांगलं झापलं. दादांनी ऐकून घेतलं.

नवं गाणं फार कुणी ऐकलं नाही. लोकांना ती खरखरच हवी होती. सिस्टर म्हणाल्या, "बरं झालं. न्हाईतर पुन्हा शाल घ्यायला जावं लागलं असतं. आधीच कपाटात जागा न्हाई."

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी त्या रुग्णांना दोनदा-दोनदा विचारू लागल्या. फोन उजव्या कानाला लावू लागल्या. दोष अर्थातच पार्टीचा. "ऐन उमेदीत तीन घोडे कानात खिंकाळले, दुसरं काय व्हनार?" निरोपाच्या समारंभात डॉक्टरसाहेबांनी हळव्या आवाजात भाषण केलं. त्यातलं त्यांना किती ऐकू आलं कुणास ठाऊक, पण प्रत्येक वाक्याला त्या मान डोलवत होत्या. नंतर त्या मुलीकडे नांदेडला राहायला गेल्या.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी नांदेडला गेलो तेव्हा त्यांना भेटून आलो. दार मुलीने उघडलं. सिस्टर आत पलंगावर होत्या. मला बघून ओरडल्या, "गोळीभाऊ! वाळलात की!" कानाचं यंत्र आणलंय, पण ते पर्समध्ये असतं, मुलीने सांगितलं. त्यात भांडी फार वाजतात म्हणे. मी मोठ्याने बोललो, त्या अंदाजाने उत्तरं देत राहिल्या. मी तब्येतीचं विचारलं, त्यांनी मला बसच्या वेळा सांगितल्या. दोघांचंही चाललं होतं बरोबर.

मुलगी चहा टाकून आली आणि तिचं तान्हं बाळ किरकिर करू लागलं. तिने ते खांद्यावर घेतलं आणि खोलीत फेऱ्या मारत गाऊ लागली. मुलगी गुणाची, बँकेत नोकरीला, पण गाणं तिच्या वाट्याला आलेलं नव्हतं. एक ओळ इकडे, दुसरी तिकडे. बाळ मात्र ऐकत होतं. सिस्टर मुलीच्या ओठांकडे एकटक बघत होत्या. मांडीवर बोटाने ताल धरला होता, तो बिनचूक होता.

"बघा," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "किती सुरात गाती."

मुलगी थबकली. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. तिला हसू आलं, ते तिने बाळाच्या टोपड्यात लपवलं.

"लई सुरात," मी सिस्टरांच्या उजव्या कानाशी ओरडलो.

मग मुलगी पुन्हा फेऱ्या मारू लागली आणि गाऊ लागली, तसंच, पण आता जरा मोठ्याने.